सहा वर्षांची पड

आमच्या मालवण पट्ट्यातली दिवाळी मूळची फराळाची नव्हे, पोह्यांची. चकल्या, कडबोळी आणि अनारसे हे पुढे मुंबईच्या चाकरमान्यांच्या ट्रंकांतून गावात उतरले. खरा मान नव्या भाताच्या पोह्यांचा. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे अंगठ्याखाली कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि तो कडवटपणा जायच्या आत पाटावर बसून पोह्यांवर तुटून पडायचे. गुळाचे पोहे, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले. एका घरचे झाले की दुसऱ्या घरी. दुपारच्या जेवणाची आठवण त्या दिवशी कोणाला होत नसे.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आगेमागे, आमच्या घरचे पोहे एका म्हाताऱ्याच्या डोक्यावरून येत. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी तो खळ्यात येऊन उभा राही, डोईवरची टोपली उतरवी आणि खांद्यावरच्या पंच्याने मान पुशी. आम्ही मुले त्याला ‘आजो’ म्हणत असू. तो आमचे कूळ होता. खरे म्हणजे आमचे कूळ असायचा तो थांबला होता, कारण ज्या जमिनीचा खंड तो वर्षानुवर्षे आणून घालीत असे, ती आता त्याच्या नावावर झाली होती. टोपली उतरवताना तो दर वर्षी आजीला एकच वाक्य ऐकवी : “वयनीनू, हे खंडाचे न्हय हां. आपल्या शेतातले म्हणान हाडलंय.” त्या ‘आपल्या’त कोण कोण बसते, याचा उलगडा आजीने कधी मागितला नाही. ती पोहे ठेवून घेई, टोपलीत चार नारळ घाली, आणि तो पाणंदीच्या वळणाआड गेला की आत येऊन म्हणे, “कूळकायद्यान खाल्ल्यान आमका!”

आमच्या घरी कूळकायदा हा शब्द एखाद्या साथीच्या रोगासारखा उच्चारला जाई. पटकी आली, प्लेग आला, कूळकायदा आला. तो आला कुठून? आजीच्या मते मुंबईहून, सचिवालयातून, ज्यांनी जन्मात चिखलात पाय घातला नाही अशा माणसांच्या डोक्यातून. मीही पुष्कळ वर्षे तेच धरून चाललो होतो. या कायद्याचा उगम कोणाच्या टेबलावर नसून अलिबाग तालुक्यातल्या पंचवीस गावांच्या रिकाम्या चुलींत आहे, हे मला कळायला अर्धे आयुष्य जावे लागले. ती हकीकत वाचकांना सांगावी, एवढ्याचसाठी हा लेख.

वडखळहून अलिबागच्या वाटेला लागले की पोयनाड लागते. त्याच्या जवळच चरी हे गाव. हा सारा मुलूख खारेपाटाचा. खाडीचे पाणी मागे लोटून, मातीचे बांध घालून माणसांनी हाताने तयार केलेली ही जमीन. बांधाला उघाडी ठेवायची, भरतीचे खारे पाणी अडवायचे, ओहोटीला पावसाचे गोडे पाणी बाहेर काढायचे, आणि एवढा खटाटोप करून पीक काय, तर एक भात. बांधाला खांड पडली तर साऱ्या गावाने कुदळ-फावडे घेऊन धावायचे. या सामाईक राबण्याला तिकडे ‘जोळ’ म्हणतात. एका रात्रीची उधाणाची भरती आत शिरली तर पुढची काही वर्षे शेत खारवून बसायचे. अशी जमीन ज्यांनी कमावली, ते बहुतेक आगरी आणि कुणबी. कागदावर मात्र ती खोतांची आणि सावकारांची.

खोत हा मूळचा जमीनमालक नव्हे. सरकारचा सारा गोळा करून देणारा तो मध्यस्थ. पण वसुली करता करता हक्क वाढत गेला, वतन झाले, आणि सारा भरणारा तो मालक व राबणारा तो कूळ अशी मांडणी कायम झाली. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात (तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके त्यातच होते, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ ला) कुळांच्या जातकुळीही ठरलेल्या असत. धारेकरी, दुपटकरी, अर्धेली असे शब्द जुन्या दप्तरांत पानोपानी भेटतात. अर्धेली म्हणजे भाताचे निम्मे पीक खोताला घालणारा. त्याखेरीज वेठ निराळी. आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या कामाला, ती अठवेठ. त्याच्या शेतावर आपला नांगर न्यायचा, ती नांगरवेठ. कबुलायतीच्या कागदावर कुळाचा अंगठा असे, परंतु त्यातला मजकूर कुळाला वाचता येत नसे. पुढल्या साली हेच शेत आपल्याकडे राहील की नाही, हे खोताच्या मर्जीवर. बोलला की निघाला. जमिनीवरून काढून टाकायला लाठीकाठीची गरज नव्हती. पावसाच्या तोंडावर ‘यंदा तू नको’ एवढे शब्द पुरत.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. खोतांची बाजू मांडणारे सारेच काही दुष्ट नव्हते. लोकमान्य टिळकांचे घराणे दापोली तालुक्यातल्या चिखलगावचे खोत, आणि सरकार खोती कायद्यात हात घालू लागले तेव्हा ‘केसरी’ खोतांच्या बाजूने उभा राहिला. परक्या सरकारने आपल्या माणसांच्या वहिवाटीत ढवळाढवळ करू नये, हा त्यांचा मुद्दा. तो मुद्दा मला समजतो. परंतु चरीच्या बांधावर उभे राहून तो पुन्हा मनाशी म्हणून पाहिला, तेव्हा तो अपुरा वाटला, हेही सांगितले पाहिजे.

या कुळांना माणूस भेटला तो नारायण नागू पाटील. त्यांना लोक आप्पासाहेब म्हणत. १९२७ च्या सुमारास त्यांनी कोकण प्रांत शेतकरी संघ काढला आणि गावोगाव पायी हिंडून कुळांना हिशेब विचारायला शिकवले. पेरले किती, पिकले किती, मापात गेले किती, उरले किती. त्यांच्या जोडीला अनंत विनायक चित्रे होते, सुरेंद्रनाथ टिपणीस होते. १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहात बाबासाहेब आंबेडकरांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली ही माणसे. पाण्याचा लढा आणि जमिनीचा लढा कुलाबा जिल्ह्यात असा एकाच घरात वाढला.

१९३३ सालची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. २७ ऑक्टोबरला चरी येथे सभा भरली. आपल्याकडच्या मोठ्या दिवसांच्या यादीत ही तारीख नाही. ती असायला हवी होती. त्या सभेत ठरले की खोताची जमीन कसायची नाही. संप! गिरणीतला संप मुंबईने पाहिला होता. पण शेतकऱ्याने शेताचा संप करायचा म्हणजे काय, हे क्षणभर थांबून ध्यानात घ्या. गिरणी कामगार संप करतो तेव्हा मालकाचे कापड थांबते. शेतकरी संप करतो तेव्हा पहिल्यांदा थांबते ते त्याच्या स्वतःच्या मुलांच्या ताटातले. आणि दुसरी भीती त्याहून खोल. ज्याचा जमिनीवर कागदाने काही हक्क नाही, केवळ नांगर धरतो एवढाच ज्याचा हक्क, त्याने नांगर खाली ठेवला तर राहिले काय? खोताने उद्या दुसऱ्या गावचा गडी आणून उभा केला की हा बाहेर. म्हणजे आपण होऊन जमीन सोडल्यासारखेच.

ही भीती खोटी ठरवायला एकच उपाय होता, तो म्हणजे दुसरा गडी मिळूच नये. चरी, कोपर, चिखली, बोर्झे, वाघविरा, नारंगी अशी एक एक करीत पंचवीस गावे संपात आली. भावाच्या जागी भाऊ उभा राहिला नाही, गावाच्या जागी गाव उभे राहिले नाही. मला या साऱ्या कथेत सर्वांत मोठे वाटते ते हे. भाषणे पुष्कळ होतात. शेजाऱ्याचे रिकामे शेत समोर दिसत असताना आणि घरात पोरे उपाशी असताना त्या शेताला हात न लावणे, हे फार कठीण.

आणि हे चालले सहा वर्षे. पुन्हा लिहितो, सहा वर्षे. शेतकऱ्यांचा इतका लांबलेला संप आपल्या देशात दुसरा सांगता येणार नाही, असे जाणकार म्हणतात. शेते पडली. जिथे आवणाचा हिरवा रंग दिसायचा तिथे गवत माजले. मग लोक जगले कशावर? रानातली लाकडे तोडून मोळ्या विकल्या. खाडीत मासळी धरली. करांदे उकडून खाल्ले, उंबराची फळे खाल्ली. आपण उंबराखाली दत्ताच्या पादुका ठेवतो, प्रदक्षिणा घालतो. त्या झाडाने पंचवीस गावांना अन्न घातले, ही त्याची थोरवी आपल्या पोथ्यांत कोणी लिहिली नाही. या वर्षांत त्या घरांत दिवाळी कशी साजरी झाली असेल? पोहे तर नव्या भाताचे. भातच नाही. कारीट मात्र बांधावर फुकट मिळते.

इथे मला एका परदेशी हकीकतीची आठवण होते. १८८० साली मुंबई सरकारने खोतीचा कायदा केला. त्याच वर्षी आयर्लंडातल्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी होता, कॅप्टन बॉयकॉट. तो कुळांना काढून टाकू लागला, तेव्हा गावाने त्याच्याशी व्यवहारच तोडला. त्याचे पीक कापायला कोणी जाईना, पत्र पोचवायला कोणी तयार होईना. शेवटी दूरच्या अल्स्टर प्रांतातून पन्नास मजूर आणि त्यांच्या राखणीला सुमारे हजार सैनिक आणून पीक कापावे लागले. पिकाच्या किमतीपेक्षा बंदोबस्ताचा खर्च कितीतरी पट झाला. त्या साहेबाचे आडनाव इंग्रजीत क्रियापद होऊन बसले आणि वंगभंगाच्या काळात ‘बहिष्कार’ होऊन आपल्याकडेही आले. मेयोच्या त्या शरद ऋतूची गोष्ट जगाला पाठ आहे. चरीची सहा वर्षे मात्र महाराष्ट्रालाही नीट ठाऊक नाहीत. खोताचे आडनाव क्रियापद झाले नाही म्हणून असेल कदाचित!

१९३४ च्या डिसेंबरात कुलाबा जिल्ह्यातल्या शेतकरी परिषदेला अध्यक्ष म्हणून स्वतः आंबेडकर आले. पुढे १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, निवडणुका झाल्या, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. खोतांना भरपाई द्यावी, पण जमीन कसणाऱ्याचे नाव थेट सरकारदप्तरी लागावे, असा त्याचा आशय. त्याच वर्षी नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ पत्र सुरू केले, कारण कुळांचे गाऱ्हाणे छापायला दुसरे कोणी फारसे उत्सुक नव्हते. १९३८ च्या जानेवारीत तर वीस-पंचवीस हजार शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सातारा, नाशिक अशा जिल्ह्यांतली ही माणसे. कमरेला पंचा, खांद्यावर घोंगडी, हातात लाल बावटा. त्यांच्या शिष्टमंडळाची भेट झाली ती मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांशी, जे स्वतः रत्नागिरीत जन्मलेले. बोलणी झाली, आश्वासने मिळाली. बिल काही मंजूर झाले नाही.

तरीही पाणी बांधाला लागले होते. १९३९ मध्ये मुंबईचा कूळकायदा झाला, आणि त्याच साली चरीचा संप मिटला. त्या कायद्याने पहिल्यांदा ‘संरक्षित कूळ’ हा शब्द आणला. १ जानेवारी १९३८ च्या आधी सलग सहा वर्षे जो जमीन कसतो, त्याला मर्जीनुसार काढता येणार नाही. योगायोग पाहा : कायदा कुळाकडून मागत होता सहा वर्षांचे कसणे, आणि त्याच्या पाठीशी चरीकरांनी उभे केले होते सहा वर्षांचे न कसणे. आधी थोड्याच जिल्ह्यांत लागू असलेला हा कायदा १९४६ मध्ये साऱ्या इलाख्याला लागला. १९४८ मध्ये त्याहून भक्कम कायदा आला. १५ मे १९५० पासून खोती गेली. आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला; त्या दिवशी कसणारे कूळ हे जमीन विकत घेतलेले मालक मानले गेले. किंमत आकाराच्या वीसपटीपासून दोनशेपटीपर्यंत, तीही हप्त्यांनी. आजो आमच्या जमिनीचा मालक झाला तो असा.

पण इतक्या सुतासारखे सगळे सरळ झाले असते तर आणखी काय हवे होते! कायदा येणार, ही वर्दी मालकांना कुळांच्या आधी लागली. १९४८ ते १९५६ या काळात गावोगाव राजीनाम्यांचे पीक आले. ‘मी ही जमीन राजीखुशीने सोडीत आहे’ असा कागद, खाली अंगठा. दांडेकर आणि खुदानपूर यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली, ती १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. कायदा जणू अस्तित्वातच नसावा अशा रीतीने कुळे बदलत होती आणि जमिनी मालकांकडे परत जात होत्या, असे त्यांना आढळले. पोलीस नाही, मारहाण नाही. एक शाईचा डबा पुरला.

माझे आजोबा वारल्यानंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा त्या शाईचा वास आमच्याही घरात येऊन गेल्याचे मला कळले. तळाशी एक मुद्रांकाचा कागद होता, १९५५ सालचा. राजीनामा. वळणदार मोडीमिश्रित अक्षर, आजोचे नाव, सर्व्हे नंबर, ‘राजीखुशीने’ हा शब्द दोनदा. साक्षीदारांच्या सह्या झालेल्या. अंगठ्याची जागा मात्र कोरी.

आजोबा गरीब स्वभावाचे, शाळामास्तर. त्यांनी असा कागद करावा याचा मला धक्का बसला. मी कागद आजीपुढे धरला. ती तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिने तो दूर धरून पाहिला आणि हसू लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, तीन वेळा बोलावले त्याला. नातेवाईकांनी आजोबांच्या कानाशी लागून कागद करवला होता. पहिल्या खेपेला आजो आला तो उजव्या अंगठ्याला भलीमोठी चिंधी बांधून. “वयनीनू, आंगठ्याक कोयतो लागलो हा.” बरे, आठ दिवसांनी ये. आठ दिवसांनी आला. चिंधी तशीच, फक्त अधिक मळलेली. तिसऱ्या खेपेला आजोबांनी डावा अंगठा चालेल म्हटले, तर पंच्याखालून डावा हात बाहेर आला, त्यालाही चिंधी! आजोबांनी दौतीचे झाकण लावले आणि त्याला चहा द्यायला सांगितले. पुन्हा त्या कागदाचा विषय घरात निघाला नाही.

“मग त्याचा अंगठा खरोखर कापला होता का?” मी विचारले.

“कारीट फोडूक येयत तेवा बरो होतो,” आजी म्हणाली.

चरीच्या पंचवीस गावांचे नाव आजोने कधी ऐकले असेल, असे मला वाटत नाही. तो एकटा होता, आणि त्याच्यापाशी दोन चिंध्या होत्या. पण त्याने ज्या दोन वर्षांची सवड काढली, त्या दोन वर्षांच्या पलीकडच्या टोकाला जो कायदा उभा होता, तो चरीकरांनी उंबरे खाऊन आणलेला होता. आणि आम्ही? आमची जमीन गेली, हे खरे. आजीचे दुःखही खोटे नव्हते; मास्तराच्या पगारात सहा माणसे आणि वर्षाचे भात हातचे गेलेले. तिच्या शिव्याशापांवर मी आजही हसू शकत नाही. मात्र तो कोरा चौकोन कोराच राहिला, याचे समाधान मला आहे. आजोबांनाही ते असावे. नाहीतर तो निरुपयोगी कागद त्यांनी इतकी वर्षे पेटीत कशाला जपला असता?

चरीला २७ ऑक्टोबर आला की संपाची आठवण काढतात. आमच्या किनाऱ्यावर तशी तारीख नाही. जमिनीच्या गोष्टी इकडे आता वेगळ्याच चालतात. सातबाराच्या उताऱ्यावर ‘कलम ४३’ चा शेरा असलेली कुळाची जमीन पूर्वी परवानगीवाचून विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर, आकाराच्या चाळीसपट रक्कम भरली की ती मोकळी होते. समुद्र दिसणाऱ्या तुकड्यांना गिऱ्हाईक भरपूर. आजोचे नातू मुंबईत आहेत, एक विरारला, एक डोंबिवलीला. जमीन त्यांनी विकलेली नाही. पण लावणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही.

गेल्या दिवाळीला मी गावी होतो. आदल्या संध्याकाळी आजोची नातसून खळ्यात आली. टोपली नव्हती, हातात प्लास्टिकची पिशवी होती. पिशवी माझ्या बायकोच्या हाती देताना ती किंचित ओशाळली आणि म्हणाली, “काकीनू, यंदा लावणीक माणसां गावली नाय. शेत पडच रवला. हे बाजारातले हां.”

बायकोने पिशवीत चार नारळ घालून दिले.